दुसऱ्या पृथ्वीवरचा आपला माणूस

छत्रपती संभाजीनगरात, त्यातही हर्सूलसारख्या भागात वाढलेल्या मुलाची ‘तसं झालं नसतं तर’ या खेळाशी फार लवकर ओळख होते. हर्सूलवरून पुढे जाणारा रस्ता अजिंठ्याचा. शहराच्या दुसऱ्या अंगाला देवगिरी आणि त्यापलीकडे वेरूळ. शाळेची सहल देवगिरीवर एकदा तरी जातेच, आणि गेली की १२९६ सालची हकिगत कुणीतरी सांगतंच. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. रामदेवराव यादवानं किल्ल्याचा आसरा घेतला. घाईघाईत हाताला लागतील त्या गोण्या वर चढवल्या गेल्या, आणि वेढा पडल्यावर कळलं की गोण्यांत धान्य नाही, मीठ आहे. हकिगत संपते न संपते तोच पोरं सुरू होतात. गोण्यांत ज्वारी असती तर? यादवांचं सैन्य वेळेत परतलं असतं तर? एक म्हणतो, सगळा इतिहासच फिरला असता. दुसरा म्हणतो, काही फिरलं नसतं, खिलजी पुढच्या वर्षी पुन्हा आला असता. वाद पायऱ्या उतरेपर्यंत चालतो आणि बसमध्ये पुन्हा पेटतो.

मराठी साहित्यात या ‘तर’ला सगळ्यात देखणं रूप दिलं ते जयंत नारळीकरांनी. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या त्यांच्या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पोचतात, जिथं १७६१च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी लागलीच नाही, नुसती चाटून गेली. मराठे जिंकले, आणि पुढचा हिंदुस्थान वेगळाच घडला. त्या जगातल्या बखरीचं एक पान पंतांच्या खिशात राहतं, आणि आपल्या जगातल्या पुस्तकाशेजारी ते ठेवलं की दोन ओळींतल्या फरकावर दोन जगं उभी असलेली दिसतात. या कथेचा इंग्रजी अवतार अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभरातल्या मुलांनी वाचला. नारळीकरांनी तिथं भौतिकशास्त्राच्या आधारानं एक धाडसी गोष्ट मांडली: दोन्ही जगं खरी असू शकतात, आपण त्यातल्या एकात राहतो इतकंच.

सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये हाच ‘तर’ गेली साठ वर्षं नांदतो आहे. वेगवेगळ्या मालिकांतले नायक एका कथेत एकत्र आले की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. अशी भेट नेहमीच्या जगात घडवली की मागच्या-पुढच्या शेकडो अंकांचा हिशेब जुळवत बसावं लागतं. म्हणून लेखक दुसरी पृथ्वी घेतो, दुसरा काळ घेतो. तिथं नायकाला म्हातारा करता येतं, त्याचं लग्न लावता येतं, प्रसंगी त्याला मारताही येतं. लेखकाची सोय होते. वाचकाचं काय होतं, तो का सुखावतो, का चिडतो, हा पुढच्या पानांचा विषय आहे.

चाहत्यांच्या या प्रतिक्रियांकडे पोरकट आरडाओरडा म्हणून पाहायची सवय अनेकांना आहे. ती सोडून ऐकलं, तर त्या सगळ्या गलक्याच्या तळाशी एकच विचारणा ऐकू येते: या दुसऱ्या जगातही आपल्या माणसाच्या करण्याला किंमत आहे ना? त्यानं कुणाला वाचवलं तर ते वाचलेलं राहतं ना? होकार मिळाला की वाचक कितीही विचित्र पृथ्वी गोड मानून घेतो. नकार मिळाला की सुंदरातली सुंदर चित्रंही त्याला नकोशी होतात.

सुरुवात अमेरिकेतली. सप्टेंबर १९६१च्या ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकात गार्डनर फॉक्स या लेखकानं आणि कार्माइन इन्फँटिनो या चित्रकारानं त्या काळच्या फ्लॅशला, म्हणजे बॅरी ॲलनला, जे गॅरिकसमोर उभं केलं. जे गॅरिक हा आधीच्या पिढीचा फ्लॅश. त्याचे अंक बंद पडून दशक उलटलं होतं. कथेत बॅरीनं जेच्या गोष्टी लहानपणी कॉमिक्समध्येच वाचलेल्या असतात, आणि आता तो शेजारच्या पृथ्वीवर त्याच्याशी प्रत्यक्ष हात मिळवतो. वाचकांना हे इतकं भावलं की १९६३पासून दोन पृथ्वींवरच्या नायकांच्या संघांची भेट दरवर्षीचा शिरस्ता बनली. पुढं पृथ्वी इतक्या वाढल्या की डीसी कंपनीनं १९८५-८६मध्ये बारा अंकांची ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही मालिका काढून त्यांची एकच पृथ्वी केली. त्या आवराआवरीत सातव्या अंकात सुपरगर्ल गेली, आठव्यात बॅरी ॲलन. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांचं ते काम आजही वाखाणलं जातं, आणि त्या दोन मृत्यूंचं दुःखही त्या पिढीचे वाचक आजवर बोलून दाखवतात.

याच्या उलट उदाहरण स्पायडर-मॅनच्या प्रेयसीचं, ग्वेन स्टेसीचं. १९७३मध्ये ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १२१व्या अंकात ती मेली, आणि महाविद्यालयांत भाषणं द्यायला जाणाऱ्या स्टॅन ली यांना संतापलेल्या विद्यार्थ्यांपुढे उत्तरं द्यावी लागली. एकेचाळीस वर्षांनी, २०१४मध्ये, जेसन लाटूर आणि रॉबी रॉड्रिगेझ यांनी एका अंकापुरती अशी पृथ्वी रेखाटली जिथं कोळी पीटर पार्करऐवजी ग्वेनला चावला होता. एकाच अंकाची पाहुणी. पण वाचकांनी तिला इतकं उचलून धरलं की २०१५च्या सुरुवातीलाच तिची स्वतंत्र मालिका निघाली. जुन्या जखमेवर दुसऱ्या पृथ्वीनं घातलेली ती फुंकर होती, आणि ती मागून घेतली वाचकांनी.

मराठी वाचकाकडे यावं तर त्याचं बालपण इंद्रजालनं भारलेलं. टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी १९६४मध्ये मुंबईतून सुरू केलेली ही मालिका इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही निघे, आणि ली फॉकचा फँटम मराठी घरांत ‘वेताळ’ होऊन राहिला. ही मुळातच एक बदललेली दुनिया होती. मूळ कथांत वेताळाचं जंगल ‘बेंगाली’ नावाच्या देशात होतं. इथल्या वाचकाला ते बंगालशी जोडावंसं वाटेल म्हणून इंद्रजालनं त्याचं ‘डेंकाली’ केलं. ‘सिंग’ नावाच्या चाच्यांचं ‘सिंगा’ झालं. म्हणजे मराठी पोरांनी वेताळाच्या कवटीच्या गुहेचा जो पत्ता तोंडपाठ केला तो अमेरिकन पोरांच्या पत्त्याहून निराळा होता, आणि कुणाला त्याचा पत्ताही नव्हता! १९७७मध्ये वेताळ आणि डायना यांचं लग्न लागलं तेव्हा पाहुण्यांत जादूगार मॅन्ड्रेक आणि लोथार होते. दोन मालिकांचा जनक एकच, त्यामुळे ही भेट सोपी. तरी दोघांनाही एका चौकटीत उभं पाहण्यातला आनंद मोठा होता, कारण वाचकानं ते दोघे एकमेकांना ओळखत असणार हे मनात कधीच ठरवून टाकलेलं होतं.

मराठवाड्यात मराठीइतकीच हिंदीही सहज वाचली जाते, म्हणून इंद्रजाल १९९०मध्ये थांबल्यावर इथल्या मुलांचं फार अडलं नाही. दिल्लीचे राज कॉमिक्स तोवर घरोघर पोचले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुकानाच्या दारात सुतळी बांधलेली असायची, तिच्यावर नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा, भोकाल पाठीतून दुमडून टांगलेले असायचे. विकत घ्यायचे पैसे क्वचितच. अंक भाड्यानं आणायचा, त्याच दिवशी संपवायचा, परत करायच्या आधी भावंडांना आणि शेजाऱ्यांना फिरवायचा. अनेक हातांतून गेलेल्या अंकाचं मुखपृष्ठ जाड कागद लावून टाचलेलं असे आणि शेवटचं पान बहुधा गळालेलं. मग शेवट ज्याचा त्यानं रचायचा. एकाच अंकाचे गल्लीत तीन-चार शेवट चालत, आणि खरं पान कुणाकडे सापडलं की त्याच्याविरुद्धही तक्रार निघे, कारण आपला शेवट जास्त चांगला होता.

या हिंदी नायकांमागचे हात पुष्कळदा मराठी होते, हे मात्र त्या मुलांना ठाऊक नसायचं. १९८६मध्ये नागराजला पहिलं रूप दिलं ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. भोकाल रंगवला दिलीप कदम यांनी. अमर चित्र कथेतलं बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र चितारणारेही तेच. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय असलेल्या या शहरात ते चरित्र किती घरांत जपलेलं असेल, आणि त्याच घरातला मुलगा त्याच कुंचल्याचा भोकाल भाड्यानं आणत असेल, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. महाराष्ट्रानं स्वतःचं सुपरहिरोंचं विश्व उभं केलं नाही, पण दुसऱ्यांची विश्वं उभी करायला हात दिला.

राज कॉमिक्सचा सगळ्यात महत्त्वाकांक्षी क्रॉसओव्हर म्हणजे ‘नागायण’. वरण कांडापासून इति कांडापर्यंत आठ भागांत पसरलेली ही कथा अनुपम सिन्हा यांनी चितारली. कल्पिलेल्या भविष्यकाळात नागराज रामाच्या जागी, ध्रुव लक्ष्मणासारखा त्याच्या पाठीशी, विसर्पीचं हरण, आणि समोर क्रूरपाशा. २००७च्या सुमारास ही मालिका सुरू झाली तेव्हा भाड्याच्या दुकानांचा जमाना ओसरत आला होता. सुतळीवरचे अंक वाचून वाढलेली पोरं आता नोकरीला लागलेली होती आणि स्वतःच्या पैशानं अंक घेत होती. त्यामुळे त्यांचं प्रेमही मोठं आणि रागही मोठा.

त्यांची एक तक्रार अशी की साचा रामायणाचा असल्यावर शेवट आधीच कळतो, मग उत्कंठा कसली? ही तक्रार फार टिकत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात रामायण आणि महाभारत भिंतींवर पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेलं आहे. तिथं उभा राहणारा प्रत्येक जण शेवट जाणूनच पाहायला सुरुवात करतो आणि तरी शेवटच्या पट्टीपर्यंत मान वर करून पाहतो. दुसरी तक्रार जास्त खोल. हे भविष्य नागराजच्या नेहमीच्या कथांचं भविष्य मानायचं की समांतर जग? मानलं, तर पुढच्या साध्या अंकांतल्या प्रत्येक प्रसंगावर त्या भविष्याची सावली पडते. न मानलं, तर आठ भागांत सोसलेलं सगळं कुठल्या खात्यावर जमा करायचं? नागराज आणि विसर्पी यांचं नातं वर्षानुवर्षं अधांतरी ठेवलेलं. ते अखेर जुळलं, पण दुसऱ्याच जगात जुळलं असं म्हणायची पाळी आली. आपली मिळकत परक्याच्या नावावर लागल्याचं दुःख वाचकाला झालं, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. नागायण समांतर की खरं, हा वाद जुन्या चाहत्यांत आजही चवीनं घातला जातो.

आणि आता मुंबईचा पवित्र प्रभाकर, ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच.

२००४मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी मार्व्हलच्या परवानगीनं स्पायडर-मॅनला भारतात आणलं. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मे काकूची माया, बेन काकांचे भीम काका, मेरी जेनची मीरा जैन आणि नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. गावाकडून मुंबईत शिकायला आलेल्या या मुलाला शक्ती मिळते ती किरणोत्सारी कोळ्याकडून नव्हे, एका योग्याकडून. शत्रू राक्षसाचं रूप घेतो. आणि नायकाच्या अंगावर तंग विजारीऐवजी धोतर. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. मालिका मात्र चार अंकांवर थांबली. धोतराची थट्टा झाली, पण खरा आक्षेप धोतराला नव्हता. नावं बदलली, कपडे बदलले, देवदानव आले, पण काका गेल्याचं दुःख, त्यातून आलेली जबाबदारी, घडणाऱ्या गोष्टींचा क्रम, सगळं पीटरचंच राहिलं. पवित्रला स्वतःचं असं काही ठरवायला मिळालंच नाही. वाचकानं ते बरोबर हेरलं.

मग २०१४च्या ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये डॅन स्लॉट यांनी सगळ्या पृथ्वींवरचे कोळीनायक एकत्र आणले आणि त्या गर्दीत पवित्रलाही जागा मिळाली. पुढे तो ‘वेब वॉरियर्स’ या संघात सामील झाला. स्वतःच्या मालिकेत जो परका वाटला तो इतरांच्या सोबतीत रुळायला लागला. एकटा असताना त्याची तुलना फक्त पीटरशी व्हायची. दहा-पंधरा कोळीनायकांच्या रांगेत तो उभा राहिला तेव्हा पीटरही त्या रांगेतला एक झाला.

१ जून २०२३ला, अमेरिकेच्या एक दिवस आधी, ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा ॲनिमेशनपट भारतात लागला. इंग्रजी धरून दहा भाषांत, आणि त्यांत मराठीही होती. हिंदी आणि पंजाबी पवित्रला आवाज दिला क्रिकेटपटू शुभमन गिलनं. मुंबई आणि मॅनहॅटन यांची सांगड घालून रचलेलं ‘मुंबॅटन’ पडद्यावर उलगडलं: एकमेकांवर चढलेल्या इमारती, वाहनांची दाटी, तारांचं जाळं, आणि त्यातून झोके घेत जाणारा भरघोस केसांचा, बेफिकीर, आनंदी पोरगा. इंग्रजांनी आमच्या वस्तू इथूनच पळवल्या, असं तो जाता जाता पाहुण्यांना सांगतो. मुंबॅटनचे रंग आणि छपाईचा पोत ठरवताना कलाकारांसमोर सत्तरच्या दशकातली इंद्रजाल कॉमिक्स होती. मुंबईच्या छापखान्यातून निघालेले ते पिवळे-लाल रंग, चौकटीबाहेर किंचित सांडलेले, मराठी पोरांच्या हाताला लागलेले, अर्धशतकानं हॉलिवूडच्या पडद्यावर एका आख्ख्या विश्वाचं रूप बनून आले. त्यावेळी पडद्याकडे पाहणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या प्रेक्षकाला काहीतरी ओळखीचं वाटलं असेल, तर तो भास नव्हता.

त्या भागातला कळीचा प्रसंग थोडक्याच वेळात उरकतो. शहर कोसळतं आहे. पवित्र आपली मैत्रीण गायत्री जिच्यात अडकली आहे ती बस सावरण्यात गुंतलेला. तिचे वडील, पोलीस इन्स्पेक्टर सिंग, एका लहान मुलीला वाचवायला धावतात आणि वरून ढिगारा खाली येतो. दुसऱ्या पृथ्वीवरून पाहुणा आलेला कोळीनायक माईल्स मोरालेस झेप घेऊन दोघांनाही वाचवतो. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि मग सांगितलं जातं की हे चुकलं. प्रत्येक कोळीनायकाच्या आयुष्यात जवळचा एक पोलीस अधिकारी मरायचाच असतो, ते लिहिलेलं आहे. ते मोडलं म्हणून पवित्रचं जग आता विरघळायला लागलं आहे.

चाहत्यांचा मोठा वाद इथं पेटला. मरण लिहिलेलं असेल तर ते स्वीकारावं का? जग वाचवायला एका बापाचा बळी द्यावा का? आणि ‘लिहिलेलं आहे’ हे सांगणाऱ्यांचं ऐकायचंच कशाला? १९७०मध्ये ग्वेनचा बाप, पोलीस कॅप्टन स्टेसी, कॉमिक्समध्ये मेला आणि वाचकानं ते निमूट मान्य केलं. या वेळी प्रेक्षकानं प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि सिनेमानंही त्याला विचारू दिलं. पवित्रच्या दृष्टीनं पाहिलं तर हीच ती गोष्ट जी २००४मध्ये त्याला मिळाली नव्हती. त्याच्या शहरात प्रथमच असं काही घडलं जे पीटरच्या गोष्टीत घडलेलं नव्हतं. एक माणूस वाचला. त्याची किंमत काय हे पुढं कळेल, पण वाचला. पवित्रवर जे प्रेम लोटलं त्याचं श्रेय अनेक जण त्याच्या केसांना आणि विनोदांना देतात. केस देखणे आहेत हे कबूल. पण कथेनं त्याच्या शहरातल्या एका माणसाच्या जगण्या-मरण्यावर सगळ्या विश्वांचा तोल टांगला, हे जास्त मोलाचं.

मराठी प्रेक्षकाची एक कुरकुर मात्र रास्त आहे. मुंबईवर बेतलेल्या या शहरात सगळा भारत थोडा थोडा दिसतो, पण पवित्र कुठल्या घरातला, माया काकूशी कोणत्या भाषेत भांडतो, त्याचं गाव कोणतं, याचा थांग लागत नाही. बाहेरच्या जगाला हवा तसा एकजिनसी भारत त्यातून तयार होतो. मराठीत डब झालेला सिनेमा पाहताना तो मराठी बोलतो तेव्हा बरं वाटतं, आणि त्याच क्षणी जाणवतं की हे मराठीपण आवाजापुरतंच आहे. ही तक्रार करणारा प्रेक्षक कटकट्या नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे वाचून वाढलेल्याला नायकाचं गाव ठाऊक असण्याची सवय आहे. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला शक्ती दिल्या नाहीत, पत्ता दिला. आणि त्या पत्त्यावर मराठी मुलं अजून विश्वास ठेवतात.

क्रॉसओव्हरबद्दलच्या आस्थेचं सगळ्यात हृद्य उदाहरण मात्र अमेरिकन कॉमिक्समधलं आहे. डीसी आणि मार्व्हल यांच्या नायकांची भेट घडवणारी ‘जेएलए/ॲव्हेंजर्स’ ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काही पानं काढून झाल्यावर बारगळली. ती अखेर कर्ट ब्युसिएक यांच्या लेखणीतून आणि जॉर्ज पेरेझ यांच्या चित्रांतून २००३-०४मध्ये आली. तिच्यात दोन्ही विश्वं मिसळून गेल्यावर नायकांना त्यांच्या खऱ्या जगातली त्यांची नियती दाखवली जाते, मरणासकट, आणि तरी ते खरं जग परत आणायचं ठरवतात. पेरेझ असाध्य आजारानं खिळले तेव्हा, २०२२मध्ये, कॉमिक्सच्या कलाकारांना मदत करणाऱ्या ‘हिरो इनिशिएटिव्ह’ या संस्थेनं तिच्या फक्त ७,००० प्रती पुन्हा छापल्या. चाहत्यांची तक्रार एकच होती, प्रती कमी पडल्या. ६ मे २०२२ला पेरेझ गेले.

पुढं वाचणाऱ्याला एक सुचवणं. ज्याला हा प्रांत नवा आहे त्यानं सुरुवात पवित्रच्या चार जुन्या अंकांपासून करावी आणि मग सिनेमातला मुंबॅटनचा भाग पाहावा. एकाच पात्राची दोन नशिबं शेजारी ठेवली की चाहते कशावरून भांडतात ते आपोआप उमगतं. २०२३मध्येच निकेश शुक्ला यांनी लिहिलेली आणि अभिषेक मलसुनी यांनी चितारलेली पाच अंकांची नवी ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ मालिकाही आली, तीही जोडीला घ्यावी. नागायण वाचायचं तर कांडांचा क्रम मोडू नये. आणि सिनेमाचा निकाल अजून लागायचा आहे: शेवटी ग्वेननं जमवलेल्या टोळीत पवित्र आहे, इन्स्पेक्टर सिंग जिवंत आहेत, आणि मुंबॅटन टिकलं की नाही ते पुढच्या भागात ठरेल. तोवर बाजू निवडायला सगळे मोकळे आहेत. या लिखाणानं आपली बाजू निवडलेली आहे. इन्स्पेक्टर वाचायलाच हवे होते.